टेकडीवरचे कोंडवाडे

विरेशनं बुटांचा खोका जेवणाच्या टेबलावर, नेमका आमटीच्या पातेल्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, "अव्वा, घालून बघ बरं. रविवारी चालायला जायचंय."

मल्लम्मानं आधी खोका उचलून खाली ठेवला, कारण पायातली वस्तू अन्नाशेजारी ठेवू नये एवढी अक्कलसुद्धा पुण्यात गेल्यावर माणसाची जाते, आणि मग बूट घालून पाहिले. बूट राखाडी होते, मऊ तळव्याचे. आणि मापाचे होते. अंगठ्याला जागा, टाचेला आधार, डाव्या पायाचं वाढलेलं हाडसुद्धा कुठं टोचत नव्हतं. हेच तिला खटकलं. ज्या मुलाला बापाच्या चष्म्याचा नंबर कधी ठाऊक नव्हता, त्याला आईच्या पायाचं माप कसं कळलं? म्हणजे मागच्या खेपेला त्यानं तिची चप्पल गुपचूप उलटी करून पाहिली असणार. म्हणजे हे चालणं आज सुचलेलं नाही. "कुठं चालायचंय?" तिनं विचारलं. तो हात धुवायला वळला होता, पाठमोराच बोलला. "तामलवाडीच्या अलीकडं एक टेकडी आहे. लहानशीच. वर जुनी थडगी आहेत, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची. मोठाले दगड गोल मांडलेत आणि मधी माणसं पुरलेली. पेपरात आलं होतं." "थडगी बघायला नेतोस मला?" "तेवढंच तुझं फिरणं होईल. डॉक्टरनी चालायला सांगितलंय की."

मल्लम्मानं उभी नोकरी एसटीच्या आगारात, पासच्या खिडकीमागं काढली होती. त्या जाळीतून तिनं इतकी खोटी वयं, खोटे पत्ते आणि खोटी आजारपणं पाहिली होती की माणूस तोंड उघडायच्या आधीच तिला अर्धं कळायचं. खरं काम असलेला माणूस काम सांगतो आणि गप्प उभा राहतो. ज्याच्या मनात काही असतं तो न विचारता कारण सांगतो. विरेशनं न विचारता दोन कारणं सांगितली होती, पेपर आणि डॉक्टर. खिडकीवर आणखी एक मजा असायची. नवऱ्याचं नाव विचारलं की बायका तोंडाला पदर लावून शेजारणीला कोपरानं ढोसायच्या, 'सांग की गं'. सोबत पोर असलं तर पोराला पुढं करायच्या. मल्लम्मा त्यांच्यावर खेकसायची, इथं काय उखाणा घ्यायला सांगितलाय का म्हणून. आणि स्वतः? स्वतःच्या नवऱ्याचं नाव तिनं लग्नात घास भरवताना एकदा उखाण्यात घेतलं, पुढं कागदांवर कैक वेळा लिहिलं, पण तोंडानं म्हणून कधी घेतलं नाही. घरात 'अहो', बाहेर 'आमचे मालक'. बँकेतल्या मुलीनं विचारलंच तर गुपचूप पासबुक पुढं सरकवायचं. मुलगी हसायची आणि मल्लम्माला तिचा राग यायचा.

तर मग हे चालणं कशासाठी? दुपारी आडवी झाल्यावर तिनं एकेक शक्यता काढून पाहिली. पहिली म्हणजे घर. धाराशिवचं हे घर विकून आपल्याला पुण्याच्या फ्लॅटात न्यायचं याच्या मनात असणार, आणि त्यासाठी आधी गोड बोलून, हवापालट करून, डोंगरावर नेऊन सांगायचं, म्हणजे म्हातारीला तिथून निघून जाता येत नाही. दुसरी म्हणजे आरोही. सून बरी आहे, पण या खेपेला सोबत आली नाही, आणि विरेश तिच्याशी फोनवर बोलताना अंगणात जातो. मगाशी मल्लम्मानं खिडकीतून ऐकलं होतं, "नाही, अजून नाही सांगितलं. तिथं गेल्यावर." तिथं गेल्यावर! तिसरी शक्यता आजाराची, आपल्या किंवा त्याच्या, आणि ती आली तशी तिनं कूस बदलून हाकलली. पण या तिन्ही शक्यता वरवरच्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. खाली एकच गोष्ट होती, करोनाच्या दुसऱ्या लाटेपासून तिथंच होती, आणि रात्रंदिवस कोणत्याही गोष्टीवरून ती शेवटी तिथंच येऊन पोचायची. गुरुलिंगप्पांना, म्हणजे तिच्या मालकांना, माती मिळाली होती का?

त्यांच्यात जाळत नाहीत. माणसाला आंघोळ घालतात, विभूती लावतात, खड्ड्यात मांडी घालून बसवतात, देवासमोर बसतो तसं. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि बेल, विभूती, माती असं करत खड्डा भरत आणतात. मल्लम्माच्या सासऱ्यांना असंच बसवलं होतं. त्यांची मान पडत होती तर मालकांनी स्वतः खड्ड्यात उतरून, हनुवटीखाली हात धरून ती सरळ ठेवली होती. वर आल्यावर धोतर झटकत म्हणाले होते, मला कोण धरंल कुणास ठाऊक. मल्लम्मा तेव्हा रागावली होती. आणि पुढं त्यांना दम लागला, धाराशिवला खाट मिळेना, विरेशनं सोलापूरच्या एका दवाखान्यात नेलं, आणि मल्लम्मा इथं तापात, दाराला बाहेरून पट्टी लावलेली. फोन आला. विरेशचा आवाज सपाट होता. "सगळं झालं, अव्वा. माती दिली." "बसवलं का?" "बसवलं." "हातात लिंग?" "ठेवलं." "जंगम स्वामी?" "लांबून." तिनं जेवढं विचारलं तेवढंच तो बोलला. बाप गेलेला मुलगा रडतो, सांगत सुटतो, कोण आलं कोण नाही आलं, खड्डा केवढा होता. हा मात्र खिडकीवर पढवून पाठवलेल्या पोरासारखा उत्तरं देत होता. तेव्हा तापाच्या ग्लानीत तिला ते कळलं नाही. कळलं नंतर, उष्टं काढताना, कपडे वाळत घालताना.

बरी झाल्यावर तिनं हट्ट धरला, समाधी दाखव. विरेश दोन-तीनदा टाळून एकदा तिला सोलापूरच्या रुद्रभूमीत घेऊन गेला. मागच्या कुंपणाशी नव्या मातीच्या ढिगांची ओळ होती, कुणावर नाव नाही, काही नाही, नुसत्या विटा रोवलेल्या. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग एका ढिगाकडं बोट करून म्हणाला, "हेच." मल्लम्मा तिथं बसली, पोटभर रडली, आणि रडताना तिला फार बरं वाटलं. त्या मातीवर गाल ठेवावासा वाटला होता तिला, पण लोक होते. पुढं महाशिवरात्रीला आणि त्यांच्या तिथीला ती एसटीनं जायची, घरच्या अंगणातला बेल न्यायची, विभूतीची बोटं ओढायची, शेंगाच्या पोळीचा नैवेद्य ठेवायची. मालकांना शेंगाची पोळी आवडायची. तिथं बसून ती त्यांना घरातलं सगळं सांगायची आणि त्यांच्या दुकानाचं शटर अजून नीट लागत नाही यावरून बोलूनही घ्यायची.

आणि मग गेली महाशिवरात्र. ती पोचली तर ढिगापाशी आधीच एक बाई बसलेली. सावळी, ठसठशीत, कपाळावर विभूती, समोर झेंडूची माळ आणि केळीच्या पानावर हुग्गी, गव्हाची खीर. मल्लम्माला वाटलं, बसायला जागा नसेल म्हणून टेकली असेल बिचारी. तिनं पिशवी ठेवली आणि बेल काढला. ती बाई बघत राहिली. "कोण म्हणायचं तुम्ही?" बाईनं विचारलं. "मी? मी ह्यांची मालकीण," मल्लम्मा म्हणाली. बाईचा हात माळेवर तसाच राहिला. "कुणाची?" "ह्यांची. हे आमचे मालक." "कवापासनं?" "कवापासनं म्हणजे? लग्न झाल्यापासनं." "लगीन झालंय तुमचं?" बाईचा आवाज चिरकला. मल्लम्मा संतापली. पोराबाळांची आई मी, नातवंडाची आजी, आणि ही कुठली कोण मला लग्न झालंय का विचारते! दोघीही मोठ्यानं बोलू लागल्या, दोघीही 'आमचे मालक', 'आमचे मालक' म्हणत राहिल्या, आणि नाव काही कुणी घेतलं नाही. राखणदार आला, त्यानं लांबूनच हात हलवले आणि गेला. मग बाई एकदम शांत झाली. "कुठनं आलाव?" "धाराशिवहून." बाई मटकन बसली. "धाराशिव," ती म्हणाली. "तरीच. दर आठवड्याला." एवढंच. तिनं माळ उचलली नाही, हुग्गी उचलली नाही, उठून चालू लागली आणि फाटकापाशी वळून ओरडली, "म्या काय पळून जात न्हाय. तुळजापूर नाक्यापाशी शेवयाच्या मशीनवाली सुगलाबाई म्हणून कुणालाबी इचारा!"

दर आठवड्याला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या मल्लम्माच्या डोक्यात हे दोन शब्द फिरत राहिले, कारण मालक दर आठवड्याला सोलापूरला जायचे. शाळेच्या वह्या, कंपासपेट्या, रंग, दुकानाचा सगळा माल तिथूनच यायचा. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे, आणि कधी कधी शेवटची गाडी चुकायची. शेवया! मालक कधीमधी शेवया आणायचे, बारीक, केसासारख्या, आणि ती विचारायची, कुठून आणल्या, तर म्हणायचे, आहे एक ओळखीची. घरी आल्यावर तिनं त्यांची ट्रंक उघडली. शर्ट हुंगले. डायरीतले नंबर पाहिले. भिंतीवरच्या फोटोला रोजचा हार घालायचा बंद केला, आणि शेजारच्या जमिलाबीनं विचारलं तर म्हणाली, फुलं महागलीत. तिथीला सोलापूरला गेली नाही, ऊन फार आहे म्हणाली. रात्री अंथरुणावर त्या मेलेल्या माणसाशी ती असं काही भांडायची की सकाळी घसा दुखायचा.

पण यातली खरी गोष्ट ती कुणालाच सांगू शकली नसती, स्वतःलासुद्धा तिनं ती आडूनच सांगितली होती. शक्यता दोन होत्या. मालकांनी दुसरं घर केलं होतं, ही एक. तो ढीग मालकांचा नव्हताच, ही दुसरी. दुसरी खरी धरली तर विरेश खोटं बोलला, आणि विरेश असलं खोटं बोलेल ते एकाच गोष्टीसाठी. मग ते मांडी घालून कुठंच बसलेले नाहीत, हातात लिंग नाही, हनुवटी कुणी धरलेली नाही. मल्लम्मानं पहिली शक्यता धरली. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं तिच्याकडं न बघता पाण्याचा तांब्यासुद्धा दुसरीच्या हातून घेतला नाही, त्याला तिनं बाहेरख्याली ठरवला, कारण नवरा लबाड निघाला तरी चालेल, पण तो मातीत असावा. नऊ महिने ती हे धरून बसली होती, दात ओठ खाऊन. आणि आता हा मुलगा मापाचे बूट घेऊन आला होता आणि थडगी दाखवायला नेतो म्हणत होता.

शनिवारी विरेश सकाळीच बाहेर गेला. "बालाजीकडं जाऊन येतो, शाळेतला मित्र," म्हणाला. जेवायच्या वेळेला आला तो उन्हानं लालबुंद, आणि पँट धुवायला टाकून आंघोळीला गेला. मल्लम्मानं पँट उचलली. गुडघ्यापासून खाली कुसळं टोचलेली होती, दिवाळीनंतर माळावर गवत वाळून होतात तसली. बालाजीचं घर बसस्टँडमागं चौथ्या मजल्यावर आहे. तिनं पायरीवर बसून ती कुसळं काढली, वाटीत जमा केली आणि वाटी खिडकीत ठेवली, कुणालाही दिसेल अशी. विरेशला ती दिसली. त्यानंही बोलू नये याचं तिला वाईट वाटलं, आणि विचारायचं धाडस आपल्यालाच होत नाही याचं त्याहून जास्त.

दुपारी जमिलाबी निवडायला वाल घेऊन आली. तिचं माहेर त्याच टेकडीच्या पायथ्याचं निघालं. "व्हय की अक्का, कोंडवाडे म्हणतेत त्यास्नी," ती म्हणाली. "राक्षस लोक जनावरं कोंडायचे म्हणं तिथं. आमच्या दादीनं सांगितलं, झूट हाय ते, कबरी हैत. पुराने लोगां. आमी शेळ्या घिऊन जायचो, सीताफळं खायाला. एका गोलात लई मोठी बाभळ हाय, तिथं सावली ऱ्हाती." "कुणाच्या कबरी?" "कुणाला ठावं? ना नाव, ना गाव. दादी म्हणायची, कुणाच्या का असंनात, जाताना सलाम करायचा. मेलेलं मानूस काय, कुनाचं तरी असतंच की." मग ती वालाचा दाणा बोटांत फिरवत बसली. तिचा भाऊ बाबामियाँही त्याच लाटेत गेला होता. "आमच्या भाईला मिट्टी मिळाली, अल्लाची मेहरबानी. चारच माणसं होती, पन मिळाली. तुमचं बी बरं झालं, तुमच्यात बी मिट्टीच असती." मल्लम्मा म्हणाली, "व्हय." आणि वालाचं सूप घेऊन आत गेली, कारण तिथं बसवेना.

संध्याकाळी विरेशनं बेत सांगितला. उजाडताच निघायचं, तुळजापूरच्या घाटाखाली चहा घ्यायचा, ऊन चढायच्या आत वर पोचायचं. वाट सोपी आहे, मध्ये एकच ठिकाण जरा दगडाळ आहे, तिथं तो हात धरील. पाणी दोन बाटल्या, धपाटे, शेंगाची चटणी, डोक्याला रुमाल. "वर एक बाभळ आहे. त्या गोलात सावली असते. तिथं बसू थोडा वेळ." "पेपरात बाभळपण आली होती वाटतं," मल्लम्मा म्हणाली. तो हसला, पण डोळे हसले नाहीत. बापासारखेच डोळे. तिला एकदम त्याची कीव आली आणि लगेच रागही. पुढं धपाट्याचं पीठ मळून झाल्यावर ती दिवा लावायला देवघरात गेली, तर विभूतीचे दोन गोळे असायचे त्यातला एक नव्हता. काम करणारी मुलगी विभूती कशाला नेईल? मल्लम्मा दिवा न लावताच अंगणात आली. बेलाच्या बुडाशी तण काढायचं खुरपं आळ्यातच रोवलेलं असायचं. तिथं नुसती फट होती. अंगणात उभी राहून तिनं त्या फटीत पायाच्या अंगठ्यानं माती लोटली. विभूती, खुरपं, बाभळीची सावली, जुन्या लोकांची थडगी. आता यात काही ओळखायचं राहिलं नव्हतं. तिनं आत जाऊन दिवा लावला आणि रात्री धपाट्यांना तेल जरा जास्तच सोडलं.

रविवारी गाडीत ती नवे बूट घालून पुढच्या सीटवर बसली. रस्ता ओळखीचा, मालकांच्या एसटीचा रस्ता. तुळजापूर आलं, घाट उतरला, चहाला विरेशनं गाडी हळू केली तर ती म्हणाली, चहा नको. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं पिवळी झाली होती. लांब टेकड्यांची ओळ होती, बुटकी, दगडी, आणि त्यातली कोणती याची ती मनात निवड करत होती. मग तिला वाटलं, वर पोचल्यावर, त्या गोलात उभं राहून, दम लागलेला असताना हे ऐकायचं नाही. मला जे ऐकायचंय ते बसल्या जागी ऐकेन.

"खुरपं कुठंय?" तिनं विचारलं.

विरेशनं तिच्याकडं पाहिलं. "डिकीत."

"आणि लिंग?"

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केल्यावर तुरीतल्या पाखरांचा आवाज आत आला. त्यानं तिच्या गुडघ्यांसमोरचा कप्पा उघडला, आतून एक रुमाल काढला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. लिंगाची काळी पडलेली चांदीची डबी, तिचा दोरा, आणि सोबत चष्मा. चष्म्याची एक काच चिरलेली होती.

"बसवलं नव्हतंस," ती म्हणाली.

"नाही."

"जाळलं."

तो स्टिअरिंगला धरून बसला होता. "पुरायच्या जागेसाठी थांबावं लागंल म्हणाले. किती ते कुणी सांगंना. शववाहिकेत आणखी माणसं होती, अव्वा. ते लोक ओरडत होते, हो की नाही लवकर सांगा. मी एकटा होतो. मी हो म्हणालो. राख भीमेत सोडली. तुला फोन केला तेव्हा तू विचारलंस, बसवलं का, आणि तुझा आवाज... मला वाटलं, खरं सांगितलं तर तूपण जाशील. मग पुढं रोज वाटायचं, उद्या सांगू." तो आता रडत होता, त्या दिवशी फोनवर रडायला हवं होतं तसा. "आपली शेती नाही, कुठं पुरू लिंग? पुण्यात कुंडीत? मग त्या थडग्यांचं वाचलं. वाटलं, तिथं सगळी पुरलेलीच माणसं आहेत. आप्पा तिथं चालतील."

मल्लम्माला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिला आपल्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण संपून जाऊ. पण ती होती तशीच होती, बुटांतले पाय घट्ट, ओंजळीत डबी, आणि डबी हाताच्या उबेनं कोमट झालेली. तिनं ती डाव्या तळहातावर घेतली. मग तिला त्या माणसाची आठवण आली, नुसती, कसल्याही संशयाशिवाय, कितीतरी महिन्यांनी. शेवटची गाडी चुकली तर सोलापूरच्या स्टँडवर वर्तमानपत्र अंथरून झोपणारा माणूस. शेवयांची पुडी पिशवीत चुरू नये म्हणून हातात धरून आणणारा. त्याला जाळलं, आणि वर आपण नऊ महिने त्याला बाहेरख्याली ठरवला. ती रडली. मोठ्यानं, रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं वळून बघावं इतक्या मोठ्यानं. विरेशनं हात पुढं केला तो तिनं झटकला, आणि थोड्या वेळानं स्वतःच धरला.

टेम्पो धाराशिवकडं जाताना आरशात लहान होत गेला. मागं टॉवेलांचे गठ्ठे होते, सोलापूरहून गावोगाव माल पोचवतात तसे. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि तिचं रडणं थांबलं. धाराशिव. तरीच. दर आठवड्याला. तो ढीग सुगलाबाईच्या नवऱ्याचा होता. खराखुरा, मांडी घालून बसवलेला. तो दर आठवड्याला धाराशिवला येत असणार, टेम्पो घेऊन, माल घेऊन, कशासाठी का असेना, आणि कधी कधी मुक्कामाला राहत असणार. आणि एका महाशिवरात्रीला धाराशिवची एक बाई येऊन त्याच्या मातीवर बेल वाहून म्हणाली, हे माझे मालक.

"तू मला कुणाचा ढीग दाखवलास?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. माती नवी दिसली म्हणून..."

"मला माहीत आहे." आणि तिनं त्याला सुगलाबाईचं सांगितलं. सगळं सांगितलं, हुग्गीचं, माळेचं, मटकन खाली बसलेल्या त्या बाईचं. विरेशचा चेहरा पांढरा पडत गेला. "म्हणजे ती इतके दिवस..." "व्हय. तीपण ट्रंक उघडून बसली असंल. शर्ट हुंगत असंल. फक्त तिला सांगायला कुणी बूट घेऊन यायचं न्हाय. सांगणार कोण? मीच न्हवं का ती दुसरी."

मग विरेशनं डोळे पुसले, गाडी सुरू केली, आणि थोडं पुढं गेल्यावर दिवा लुकलुकवत वेग कमी केला. डावीकडं कच्चा रस्ता फुटत होता. त्याच्या शेवटी ती टेकडी दिसली, फारशी उंच नाही, माथ्यावर एकच झाड.

"वळू नकोस," मल्लम्मा म्हणाली. "सरळ घे."

"आणि टेकडी?"

"ती एवढी वर्षं थांबलीय. पुढल्या रविवारपर्यंत थांबंल. सोलापूरला चल. तुळजापूर नाक्यापाशी शेवयाच्या मशीनवाली सुगलाबाई विचारायचं."

"तिला काय सांगणार, अव्वा? ती दारात तरी उभं करंल का?"

ती त्याचा विचार करत होती. नुसतं आमचे मालक तुमचे मालक म्हणून भागायचं नव्हतं. तसंच म्हणून तर हे झालं होतं. पहिल्याच वाक्यात नाव यायला हवं, दार लागायच्या आत. तिनं डबी मुठीत घट्ट धरली, तोंड उघडलं, आणि तोंड तसंच राहिलं. विरेशला ते कळलं. लहानपणापासून बँकेत, दवाखान्यात, शाळेत आई अडली की तो पुढं व्हायचा, तसाच आताही झाला. "गुरुलिंगप्पा," तो हळूच म्हणाला.

"तू गप," ती म्हणाली. "मला येतंय."

तिनं काच खाली केली. वारा आत आला. टेकडी मागं पडली. मल्लम्मानं घसा साफ केला आणि बाहेर पळणाऱ्या तुरीकडं तोंड करून, पासच्या खिडकीवर शेवटच्या माणसालाही ऐकू जायचा तसल्या आवाजात म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव गुरुलिंगप्पा. तुमच्या मालकांचं नाव काय?"